संकल्प नेमका कुठे अडतो?

व्यायाम सुरू करायचा, सिगारेट सोडायची, नवी भाषा शिकायची किंवा रखडलेला प्रबंध एकदाचा पूर्ण करायचा, असे एखादी व्यक्ती ठरवते तेव्हा ती बहुधा मनापासूनच ठरवत असते. तरीही थोड्याच दिवसांत तिची गणना आरंभशूरांमध्ये होऊ लागते आणि सारा दोष तिच्या इच्छाशक्तीच्या माथी मारला जातो. हे निदान फारसे टिकणारे नाही. थॉमस वेब आणि पास्कल शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ४७ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. लोकांचा निर्धार बऱ्यापैकी वाढवण्यात यश आले, तरी त्यांच्या प्रत्यक्ष वागण्यात त्या मानाने थोडाच फरक पडतो, असे त्यातून दिसले. म्हणजे ‘कळते पण वळत नाही’ ही तक्रार खरी असली, तरी आणखी पटवून देणे हा तिच्यावरचा पुरेसा उपाय नव्हे.

इच्छाशक्ती वापरली की ती खर्च होते, ही कल्पना बरीच वर्षे लोकप्रिय होती. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रयोगांच्या आधारे ती मांडली आणि पुढे तिच्यावर शोधनिबंधांचा पाऊस पडला. मात्र २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर एकाच पद्धतीने हा परिणाम पुन्हा तपासला, तेव्हा तो जवळजवळ शून्य निघाला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. पण दरम्यान एक वेगळीच, आणि माझ्या मते अधिक उपयोगाची, गोष्ट पुढे आली. विल्हेल्म हॉफमन यांच्या गटाने जर्मनीतील व्युर्झबुर्ग शहरात २०५ प्रौढांना आठवडाभर एक उपकरण दिले आणि दिवसातून अनेकदा विचारले, की या क्षणी तुम्हाला कशाची इच्छा होते आहे आणि तुम्ही ती दाबता आहात का. ज्यांचा आत्मसंयम चाचणीत अधिक भरला होता, ते मोहाशी अधिक झुंजत असतील अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात त्यांच्यावर झुंजण्याची वेळच कमी येत होती. त्यांचा दिनक्रमच असा दिसत होता की मोह फारसा समोर येत नसे. मोबाईल हाताशी ठेवून अभ्यासाला बसायचे आणि दर पाच मिनिटांनी मन आवरायचे, याला संयम म्हणण्यापेक्षा ढिसाळ मांडणी म्हणणे अधिक रास्त ठरेल.

दुसरा अडथळा आपल्या अंदाजांमध्ये असतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की एखाद्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बांधताना माणूस त्या कामाच्या तपशिलातच गुंततो आणि तशाच कामांना पूर्वी किती वेळ लागला होता, हे विचारात घेत नाही. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हीच गोष्ट प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांवर तपासली. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, आणि सगळे काही बिनसले तर सुमारे ४९ दिवस लागतील असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक काळ लागला. सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरतानाही आपण हात राखूनच वाईट धरतो, हे या आकड्यांमधले खरे बोलके सत्य आहे. असा अंदाज चुकला की वेळापत्रक कोलमडते आणि वेळापत्रकाची चूक माणूस स्वतःची नालायकी समजू लागतो.

मग यशाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे, हा सल्ला सर्रास दिला जातो. गाब्रिएले ओटिंगेन यांनी थॉमस वॉडन यांच्यासह १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याला छेद देतो. वजन कमी करण्याच्या उपचारासाठी आलेल्या स्थूल स्त्रियांपैकी ज्यांना यशाची रास्त अपेक्षा होती, त्यांचे वजन अधिक घटले. पण ज्या आपल्या भावी सडपातळ रूपाच्या गोड कल्पनांमध्ये रमत होत्या, त्यांचे कमी घटले. अपेक्षा अनुभवावर उभी असते, तर मनोराज्यात ध्येय फुकटात हाती आलेले असते आणि त्यासाठी करायच्या धडपडीची निकड ओसरते. म्हणून ओटिंगेन यांनी सुचवलेली पद्धत दोन टप्प्यांची आहे: आधी इच्छित फळाची कल्पना करायची आणि लगेच, त्याच बैठकीत, आपल्यामधला कोणता अडथळा आड येईल ते शोधायचे. क्रम उलटा केला तर तोच परिणाम मिळत नाही, असे त्यांच्या प्रयोगांमध्ये आढळले.

अडथळा सापडल्यावर त्याचे काय करायचे, याचे सर्वांत ठोस उत्तर पीटर गोलविट्झर यांच्या कामातून मिळते. ‘मी नियमित व्यायाम करीन’ हे वाक्य ध्येय सांगते. पण संध्याकाळी घरी परतल्यावर, बूट काढण्यासाठी खुर्चीत टेकल्यावर आणि हातात मोबाईल आल्यावर काय करायचे, याबद्दल ते मूग गिळून बसते. नेमक्या त्याच खुर्चीत संकल्प मोडत असतो. त्याऐवजी ‘घरी आल्यावर खुर्चीकडे पाय वळले, तर न बसता दाराजवळ ठेवलेले धावण्याचे बूट घालून बाहेर पडेन’ असे जर-तर स्वरूपाचे वाक्य आधीच ठरवलेले असले, की तो विशिष्ट क्षण चटकन ओळखू येतो आणि ठरलेली कृती फारशा विचाराविना सुरू होते. निर्णय त्या थकलेल्या क्षणी घ्यावाच लागत नाही. तो आधी, डोके शांत असताना, घेतलेला असतो. ब्रिटनमध्ये २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. कोणतीही मदत न मिळालेल्या गटातील ३८ टक्के विद्यार्थ्यांनी आठवड्यात एकदा तरी जोमाने व्यायाम केला. हृदयविकार आणि व्यायाम यांविषयी प्रभावी माहिती वाचलेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. त्याच माहितीसोबत व्यायामाचा वार, वेळ आणि जागा लिहून काढलेल्या गटात मात्र ते ९१ टक्क्यांवर गेले. सगळीकडे इतका मोठा फरक पडत नाही, हे खरे. तरी गोलविट्झर आणि शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही परिणाम मध्यम ते मोठा असल्याचेच दिसले.

सुरुवात झाल्यानंतर अडवते ती एखादी चूक, किंवा खरे तर त्या चुकीचा आपण लावलेला अर्थ. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये केलेल्या प्रयोगात आहारावर बंधन पाळणाऱ्या ज्या व्यक्तींना आधी मिल्कशेक प्यायला दिला गेला, त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी उलट जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला आवरायचे, हा तो हिशेब. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा. या हिशेबाला आधार मात्र नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ व्यक्तींच्या नव्या सवयींचा बारा आठवडे मागोवा घेतला, तेव्हा एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवसांचा होता, आणि बारा आठवड्यांच्या नोंदींवरून पुढचा हिशेब मांडून बांधलेला अंदाज व्यक्तीनुसार व कृतीनुसार १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एकवीस दिवसांचा सर्वत्र सांगितला जाणारा नियम यात कुठेच बसत नाही.

प्रगतीची नोंद ठेवण्याचाही फायदा होतो. १३८ अभ्यासांच्या २०१६ मधील आढाव्यात तो दिसला, आणि नोंद लेखी असली किंवा इतरांना कळवली तर तो वाढतो, असेही आढळले.

या उपायांना मर्यादा आहेत. जर-तर पद्धत एका ध्येयाला चांगली लागू पडते. पण एकाच वेळी अनेक ध्येयांसाठी अशा योजना केल्या, तर त्या सगळ्या पार पाडणे किती अवघड आहे याचीच जाणीव तीव्र होते आणि बांधिलकी सैल पडते, असे एमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर यांनी २०१२ मध्ये दाखवले. शिवाय काही अडथळे ओलांडण्यासारखे नसतातच. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधील अभ्यासांनुसार, अशक्य झालेले ध्येय सोडून दुसऱ्याकडे वळणे ज्यांना जमते, त्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले असते. अडचण अशी की हा निर्णय उशिरा घेणे फार कठीण जाते. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांच्या १९८५ मधील प्रयोगात नाटकांच्या हंगामी तिकिटांसाठी पूर्ण पैसे भरलेल्यांनी, सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा, हंगामाच्या पहिल्या सहामाहीत अधिक नाट्यप्रयोगांना हजेरी लावली, आणि ही सवलत तर त्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी योगायोगाने मिळाली होती. घातलेला पैसा किंवा वेळ असा ओढून धरतो. म्हणून ध्येय केव्हा सोडायचे त्याची अट, ठरावीक मुदत आणि खर्चाची मर्यादा यांसह, पहिल्या दिवशीच, ध्येय लिहिलेल्या कागदावरच लिहिलेली बरी.