गच्चीवरचा पांढरा डबा

मे संपत आला की कोल्हापुरात गच्चीच्या कामांची घाई उडते. पाऊस एकदा लागला की उसंत देत नाही, म्हणून वॉटरप्रूफिंग, पत्रे, टाकीची डागडुजी सगळं त्याआधी उरकायचं असतं. राजारामपुरीतल्या आमच्या बिल्डिंगवर असंच काम चाललं होतं. कठड्याला ब्रश मारणारा पोरगा मोबाइल टॉवरच्या खांबापाशी थबकला आणि म्हणाला, "काका, हे चालू हाय का बंद?"

त्याला हे विचारावं लागलं, यातच सगळी अडचण आहे. वेल्डिंगची ठिणगी दिसते, भट्टीची धग लागते. अँटेनाचं तसं काही नाही. उंच, अरुंद पांढरा डबा; ना दिवा, ना आवाज. घरघर ऐकू येते ती खालच्या कपाटातल्या पंख्यांची.

टॉवरवरून आपल्याकडे वाद होतात ते आसपास राहणाऱ्यांच्या काळजीपोटी. ती काळजी मला समजते. पण हिशेब मांडला तर सगळ्यात जास्त धोका अँटेनासमोर उभं राहून काम करणाऱ्याला असतो, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

अँटेना टॉर्चसारखी असते. तिचा झोत समोर जातो, जवळजवळ आडवा, आणि उंचीत जेमतेम काही अंशांचा. म्हणून बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये त्यातलं फार थोडं पोचतं. समजा, अँटेनात एकूण ८० वॉट सोडले आणि झोत एकवटल्यामुळे समोरच्या दिशेला ते ५० पट झाले. मग १० मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ३.२ वॉट पडतात, २० मीटरवर ०.८ आणि १०० मीटरवर ०.०३. अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाईवर येते. अगदी एक-दोन मीटरवर हे साधं सूत्र नेमकं लागू पडत नाही, पण मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका सगळ्यात जास्त तिथेच.

मर्यादा किती? मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी, अशा मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (ICNIRP) दर चौरस मीटरला सामान्य माणसाला ४.५ वॉट आणि या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्याला २२.५ वॉट ठरवून दिले आहेत. भारताने २०१२ मध्ये सामान्यांसाठीचा आकडा आणखी खाली, ०.४५ वर आणला होता. ब्रश मारणारा पोरगा मजूर असला तरी या हिशेबात सामान्यच धरायचा, कारण त्याला कुणी काही शिकवलेलं नाही.

अँटेनातून निघणाऱ्या या रेडिओ लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत. रेणूतले बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. कर्करोगाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २०११ मध्ये त्यांना 'शक्यता आहे, पुरावा मर्यादित' अशा गटात ठेवलं. जे पक्कं माहीत आहे ते उष्णतेचं. शरीराच्या दर किलोमागे ४ वॉट शोषले गेले, तर अर्ध्या-एक तासात अंगाचं तापमान साधारण एक अंशाने वाढू शकतं. प्रशिक्षित कामगाराच्या शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा त्याच्या दहाव्या हिश्शावर, म्हणजे ०.४ वॉटवर आहे. स्वस्थ बसलेलं शरीर स्वतःच किलोमागे एक वॉटच्या आसपास उष्णता तयार करतं. उन्हात घमेली उचलणाऱ्याचं त्याच्या कितीतरी पट. मे महिन्याच्या दुपारी त्यात बाहेरून भर नको. ही उष्णता कातडीखाली काही सेंटिमीटर आत मुरते, त्यामुळे चटका लागेपर्यंत वेळ गेलेली असू शकते. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून तिथली उष्णता वाहून न्यायला कुणी नसतं.

टॉवरपेक्षाही कमी बोललं जातं ते हाय फ्रिक्वेन्सी वेल्डिंग मशिनबद्दल. रेनकोट, फाइलची कव्हरं, ताडपत्री यांचं प्लॅस्टिक न शिवता, रेडिओ लहरींनी तापवून जोडणारं हे यंत्र. ते बहुधा २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतं. आपलं शरीरही एक अँटेनाच आहे. जमिनीला पाय टेकलेला उभा माणूस ३५ ते ४० मेगाहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक ऊर्जा शोषतो, आणि हे यंत्र त्या पट्ट्याच्या शेजारीच येतं. शिवाय कारागीर दिवसभर इलेक्ट्रोडपासून हातभर अंतरावर बसतो. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थांनी याबद्दल १९७९ मध्येच इशारा दिला होता. उपाय महागडे नाहीत: इलेक्ट्रोडभोवती धातूचं कवच, चांगलं अर्थिंग, बसायची जागा मागे सरकवणं. उत्पादन वाढावं म्हणून ते कवच काढून ठेवलेलं दिसलं, तर मालकाला तिथल्या तिथे हटकायला हवं.

फिजिओथेरपीत शेक देणारं शॉर्टवेव्ह यंत्रही याच लहरींचं. रुग्ण वीस मिनिटांत घरी जातो; थेरपिस्ट दिवसभर तिथेच असतो. त्याने ते चालू करून दीड-दोन मीटर लांब जावं, केबलपाशी रेंगाळू नये. पेसमेकर असलेल्याने, मग तो रुग्ण असो की कर्मचारी, त्या खोलीत थांबूच नये.

आमच्या गच्चीवर इशाऱ्याचा बोर्ड होता, पण इंग्रजीत आणि कपाटाच्या मागे. त्यावरच्या नंबरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेक्निशियन आला, त्या बाजूची अँटेना बंद केली आणि कठड्याचं काम होईपर्यंत तिथेच बसून राहिला. दोन तास लागले. त्याच दिवशी सोसायटीने गच्चीच्या दाराला आतून मराठीत लिहून लावलं: 'पांढऱ्या डब्यासमोर काम करण्याआधी या नंबरवर फोन करा.' त्या पोरानेच उरलेल्या रंगाने ते रंगवलं.