अ‍ॅक्रिलिक फर्निचरचा उजाळा

जुन्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक खुर्च्या, टीपॉय, स्टुले यांवरील बारीक ओरखडे घासून काढण्याची व त्यांची चकाकी परत आणण्याची क्रिया. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. १९३३ मध्ये ते जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात आले, दुसऱ्या महायुद्धात विमानांना लागले आणि १९६०–७० च्या सुमारास पाश्चात्त्य दिवाणखान्यांत मिरवू लागले. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, प्रकाश सुमारे ९२ टक्के आरपार. मात्र अंग मऊ. कोरड्या फडक्याने धूळ पुसली तरी ओरखडे उठतात.

उजाळा हा शब्द नाशिककरांना तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे परिचयाचा आहे. पण भांड्यांची सवय इथे उलटी पडते. पितळ बफवर (चकाकी आणणाऱ्या फिरत्या कापडी चाकावर) दाबून धरले तरी त्यातली उष्णता पसरून जाते. अ‍ॅक्रिलिकमध्ये ती जागच्या जागी साठते आणि १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पृष्ठभाग मऊ होऊन ओघळल्यासारखा डाग पडतो. शिवाय पितळेवर फिरलेल्या बफमध्ये धातूचे कण अडकलेले असतात, म्हणून बफ वेगळाच हवा.

आधी वस्तू पाण्याने व सौम्य साबणाने धुवावी. मग ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकत नसेल तर प्लास्टिकचे पॉलिश मऊ सुती फडक्यावर घेऊन हलक्या हाताने चोळणे पुरते. पांढरी टूथपेस्टही कधी कधी काम भागवते. नख अडकले तर वॉटर पेपर (ओला वापरायचा घासकागद) भरपूर पाण्यासह वापरावा : ८००, १०००, १५००, २००० नंबर असा जाड्याकडून बारकाकडे क्रम, आणि दर टप्प्याला घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेषा गेल्या की नाही ते दिसते. ओरखडा भरून निघत नाही, त्याच्या भोवतालचा भाग त्याच्या पातळीला उतरवला जातो. त्यामुळे एकाच ठिकाणी घासल्यास खळगा होतो आणि त्यातून पलीकडचे दृश्य वाकडे दिसते. मधल्या टप्प्यात सगळा भाग दुधाळ होतो, तो शेवटी पॉलिश केल्यावर निवळतो. पहिल्यांदा करणारा इथेच हाय खातो.

थिनर, स्पिरिट, अमोनियायुक्त काचक्लीनर वर्ज्य. त्यांनी आत केसासारख्या भेगा पडतात आणि त्या कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. पाटी बनवणारे कडा ज्योतीने चमकवतात; काम झटपट होते, पण कडेत ताण राहतो. अशी कड महिन्यांनंतर कुणी स्पिरिटने पुसली तरी तडकते.