शेकोटीशेजारचं कुंपण

कडक उन्हाळा सोसणारं झाड शेकोटीची धगही सोसेल, असं वाटणं साहजिक आहे. बागेच्या कडेला हिरवं कुंपण लावताना बरेच जण याच हिशोबाने रोपं निवडतात आणि चार-दोन शेकोट्यांनंतर कुंपणाची एकच बाजू तांबूस पडते. पाणी कमी पडलेलं नसतं, कीडही नसते. चुकलेला असतो तो हिशोब.

ऊन आणि धग दोन्ही किरणांच्या रूपानेच येतात, पण त्यांची जात वेगळी. सूर्यप्रकाशातली जवळपास निम्मी ऊर्जा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब लहरींच्या, पट्ट्यात असते आणि त्यातला दृश्य प्रकाशाला लागून असलेला भाग पानं बराचसा परतवून लावतात किंवा आरपार जाऊ देतात. म्हणून अंगावर पडलेल्या उन्हापैकी साधारण निम्मंच पान शोषतं. शेकोटी सूर्याच्या मानाने फारच थंड. निखाऱ्याचं तापमान ९०० अंश सेल्सिअस धरलं, तर त्याची किरणं २.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतात. या आणि याहून लांब लहरी पानातलं पाणी अधाशासारखं शोषतं. उन्हाविरुद्धची पानाची ढाल इथे कामच करत नाही.

आता आकडे पाहू. भर दुपारच्या उन्हात एक चौरस मीटरवर सुमारे १ किलोवॉट ऊर्जा पडते. २ किलोवॉटच्या पुढेमागे उघड्या त्वचेला चटका बसू लागतो. साधारण १२ किलोवॉटला, ठिणगीची मदत मिळाली तर, लाकूड पेट घेऊ शकतं. वनस्पतीच्या पेशी मात्र यापेक्षा बऱ्याच आधी हार मानतात: ६० अंशांवर त्या मिनिटभरात मरतात, त्याखालच्या तापमानाला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे पान करपायला ज्वाळेने शिवायची गरजच नाही. कुंपणाच्या जागी उभं राहून चेहऱ्याला धग सोसवते का, ते पाहावं. आपण मागे सरकतो, पान सरकत नाही, आणि शेकोटी तासन्‌तास चालते.

अंतराचा फायदा भरघोस असतो. आगीच्या आकाराच्या मानाने पुरेसं दूर गेल्यावर, अंतर दुप्पट केलं की धग जवळजवळ चौथाईवर येते. माझं मत विचाराल तर उत्तम रोप शोधण्यापेक्षा शेकोटी दोन मीटर मागे नेणं केव्हाही स्वस्त. वारा मात्र हे गणित बिघडवतो. गरम हवेचा लोट कुंपणाकडे कलला की किरणांचा हिशोब बाजूलाच राहतो.

जागा बदलणं शक्य नसेल, तर झाडाविषयी दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: ते सहज पेटतं का, आणि करपल्यावर पुन्हा फुटतं का? ‘आगीत टिकणारं झाड’ म्हणताना या दोन्हींची सरमिसळ होते. निलगिरी बघा. सालीखालच्या सुप्त कळ्यांमुळे जळाल्यावरही तिला धुमारे फुटतात, पण तिची तेलकट पानं भडकतात. झाड वाचेल, शेजारचं छप्पर वाचेलच असं नाही.

मोरपंखी, सायप्रस, जूनिपर ही कुंपणाची लाडकी झाडं दोन्ही प्रश्नांत नापास होतात. त्यांच्यात राळ आणि टर्पीन, म्हणजे सहज उडून जाणारी ज्वलनशील तेलं, असतात. त्यांतल्या अल्फा-पायनीनची वाफ ३३ अंशांच्या आसपासच ठिणगीने पेटण्याइतकी दाट होते. शिवाय जुन्या, पानं झडलेल्या लाकडावर या झाडांना सहसा नवी पालवी येत नाही. सूचिपर्णींमध्ये यू हा अपवाद, तो जुन्या खोडावरूनही फुटतो.

उलट जास्वंद, अडुळसा, ड्युरँटा यांसारखी रुंद, रसदार पानांची आणि छाटणी सोसणारी झुडपं बरी. पानातलं पाणी इथे खरा पहारेकरी आहे. एक ग्रॅम पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१५ ज्यूल लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी २,२५७. म्हणून भिजलेल्या मुळांचं कुंपण सहज पेट घेत नाही आणि तहानलेलं त्याच जातीचं कुंपण घेतं. पानांत मीठ साठवणारं ॲट्रिप्लेक्सचं झुडूपही मंद जळतं. घायपाताची जाड पानं हळू तापतात, मात्र तळाची वाळलेली पानं काढत राहायला हवीत. थंड हवामानात प्रिव्हेट चालतं. बीच मात्र सांभाळून: छाटलेल्या बीचच्या कुंपणावर वाळकी पानं हिवाळाभर लटकून राहतात, आणि शेकोट्या पेटतात त्या नेमक्या तेव्हाच.

कण्हेर चिवट आहे, छाटली तरी जोमाने फुटते. तरीही शेकोटीजवळ ती नको, कारण तिचा धूरही विषारी असतो. छाटलेल्या फांद्यासुद्धा आगीत टाकू नयेत.

जात कुठलीही असो, वर्षानुवर्षं वरवर कातरलेल्या कुंपणाच्या पोटात काटक्या आणि पाचोळा साठतो. बाहेरून हिरवंगार दिसणारं कुंपण एका उडत्या ठिणगीने आतून पेटतं ते यामुळे. वर्षातून एकदा हात घालून तो काढावा.

करपलेल्या कुंपणावर लगेच कात्री चालवू नये. पानं काही दिवसांत तपकिरी होतात, पण सालीखालचा वाढीचा थर जिवंत आहे की मेला, हे कळायला आठवडे लागतात. साल दुप्पट जाड असेल तर तो थर मारायला चौपट वेळ लागतो, म्हणून बारीक फांद्या गेल्या तरी बुंधा वाचलेला असू शकतो. नखाने साल जराशी खरवडावी. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर मुळाशी पाणी देत थांबावं. कोरडं, तपकिरी दिसलं तर त्याच फांदीवर आणखी खाली पुन्हा खरवडून पाहावं, आणि जिथे हिरवं लागेल त्याच्या किंचित वर छाटावं.