मांडीवरचा पट्टा: गुडघेबदलात टूर्निके आला कुठून?

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत पहिला छेद घेण्याआधी बऱ्याचदा मांडीवर एक पट्टा चढतो. आधी कापसाचे वेढे, त्यावर रुंद पट्टा, पट्ट्याला हवेची नळी. पाय उंच धरतात आणि पावलापासून मांडीपर्यंत रबरी पट्टी घट्ट गुंडाळत नेऊन पायातलं रक्त वर ढकलतात. मग यंत्राचं बटण दाबलं जातं, आकडा २५०-३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढतो आणि वेळ मोजायला सुरुवात होते. रबरी पट्टी काढली की खाली उरतो एक फिकट, थंड पडत चाललेला पाय. छेद घेतला तरी रक्ताचा थेंब येत नाही.

हा पट्टा म्हणजे टूर्निके. कोणी टॉर्निकेटही म्हणतं. गंमत अशी, की गुडघेबदलात त्याचा खरंच फायदा होतो का, हे तपासून कोणी त्याला आत घेतलेलं नाही. गुडघेबदल जन्माला आला तेव्हा तो ऑपरेशन थिएटरात आधीपासूनच ठाण मांडून होता.

अवयव आवळून रक्त अडवायची कल्पना फार जुनी. सुश्रुतसंहितेत सर्पदंशावर दंशाच्या चार बोटं वर कापड, चामडं किंवा साल बांधायला सांगितलं आहे, पण तिथे हेतू विष अडवण्याचा होता. शस्त्रक्रियेतला पट्टा रणांगणावरून आला. सोळाव्या शतकात आंब्रुआझ पारे हा फ्रेंच शल्यचिकित्सक पाय कापण्याआधी वर पट्टा आवळायचा. रक्त थांबावं, कातडी-स्नायू वर ओढलेले राहावेत आणि खालचा भाग थोडा बधिर व्हावा, हे त्याचे हेतू. भूल नव्हती त्या काळात तिसरा हेतू काही किरकोळ नव्हता. १६७४ मध्ये बेझाँसाँ या शहराच्या वेढ्यात एतिएन मोरेलने दोरीत काठी घालून पिळायची युक्ती वापरली. १७१८ मध्ये पॅरिसच्या झाँ-लुई पेतीने काठीच्या जागी स्क्रू आणला. त्यामुळे आवळायला आणि धरून बसायला वेगळा माणूस लागेना, आणि दाब हवा तसा कमी-जास्त करता येऊ लागला. ‘टूर्निके’ हे नावही त्याचंच, ‘फिरवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेलं.

इथपर्यंत पट्ट्याचं काम एकच होतं, माणूस रक्तस्रावाने मरू नये. ते बदललं जोसेफ लिस्टर या ब्रिटिश शल्यचिकित्सकामुळे. १८६० च्या दशकात क्षयाने खाल्लेला मनगटाचा सांधा काढताना त्याला सगळं स्पष्ट दिसायला हवं होतं. त्याने आधी हात उंच धरून रक्त उतरू दिलं आणि मग टूर्निके आवळला. अवयव कापायचा नसतानाही केवळ नीट दिसावं म्हणून रक्त बंद करायचं, हा विचार नवा होता. पुढचा सगळा इतिहास या एका पायरीवर उभा आहे, कारण इथून पुढे पट्टा रोग्याइतकाच सर्जनच्या सोयीचा झाला.

१८७३ मध्ये जर्मनीतल्या कील शहरातला शल्यचिकित्सक फ्रीडरिख फॉन एस्मार्कने सपाट रबरी पट्टीची पद्धत प्रसिद्ध केली. आजही पाय गुंडाळतात त्या पट्टीला थिएटरात ‘एस्मार्क’च म्हणतात. माणसाचं नाव वस्तूला इतकं चिकटलं आहे, की ते एका माणसाचं आडनाव होतं हे कित्येकांच्या गावीही नसतं. पण रबराची एक खोड होती. प्रत्येक वेढ्यागणिक दाब वाढत जायचा आणि नेमका किती झाला हे कळायला मार्ग नव्हता. पट्टी सुटल्यावर हातपाय लुळे पडल्याच्या नोंदी येऊ लागल्या. १८८१ मध्ये रिखार्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने त्याकडे लक्ष वेधलं.

यावर उतारा सापडला तो रक्तदाब मोजण्याच्या यंत्रात. अमेरिकन मेंदूशल्यचिकित्सक हार्वी कुशिंगने १९०१ मध्ये इटलीत पाव्हियाला रिव्हा-रोची यांचं रक्तदाबमापक पाहिलं आणि ते मायदेशी नेलं. दंडावर हवा भरून नाडी बंद करणारा तो पट्टा पाहिल्यावर पुढचं पाऊल दूर नव्हतं. १९०४ मध्ये कुशिंगने हवेच्या टूर्निकेवर लेख लिहिला, तोही मुख्यतः कवटी उघडताना डोक्याभोवती बांधण्यासाठी! आज मांडीवर चढणारा पट्टा आणि दवाखान्यात दंडावर गुंडाळला जाणारा पट्टा ही एकाच घरची भावंडं आहेत. दाब मोजता येऊ लागला, पट्टा क्षणात फुगू आणि सुटू लागला. १९८० च्या दशकात कॅनडातल्या जेम्स मॅकएवन या अभियंत्याने त्याला मायक्रोप्रोसेसर जोडला आणि दाब आपोआप स्थिर राहू लागला.

आता गुडघ्याकडे. १८९० मध्ये बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लूकने हस्तिदंती बिजागरीचा गुडघा बसवला होता, पण जंतुसंसर्गापुढे तो टिकला नाही. आजच्या गुडघ्याची खरी सुरुवात १९६० च्या दशकाच्या शेवटी झाली. इंग्लंडमधल्या रायटिंग्टनला फ्रँक गन्स्टनने हाडाच्या टोकांवर धातू आणि प्लास्टिकचे भाग सिमेंटने बसवले. १९७४ मध्ये न्यू यॉर्कला जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी ‘टोटल कॉन्डायलर’ गुडघा वापरायला घेतला. पुढचे बहुतेक गुडघे त्याच वळणाचे.

सिमेंट आल्यावर पट्ट्याला आणखी एक भक्कम कारण मिळालं. हाडाचं सिमेंट म्हणजे भुकटी आणि द्रव मिसळून होणारं ॲक्रिलिक. आधी ते पातळ, चिकट असतं. मग मळलेल्या पिठासारखं होतं, हाताला चिकटायचं थांबतं, आणि काही मिनिटांत गरम होऊन दगडासारखं घट्ट होतं. तेवढ्या वेळात ते हाडाच्या जाळीदार भागात काही मिलिमीटर शिरायला हवं. जाळीत रक्त पाझरत असेल तर सिमेंट नीट शिरत नाही. म्हणून हाड कोरडं हवं आणि म्हणून पट्टा हवा, असा हा सरळ वाटणारा हिशेब.

पण रायटिंग्टनलाच जॉन चार्न्ली १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून खुब्याच्या सांध्यात तेच सिमेंट वापरत होते, आणि खुब्याला टूर्निके लावायला जागाच नसते. तिथे हाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणं, गॉज दाबून ठेवणं, भूलतज्ज्ञाने रक्तदाब थोडा खाली ठेवणं असे मार्ग रुळले, आणि खुबे वर्षानुवर्षं टिकलेही. मला या सगळ्या वादात हा मुद्दा सर्वांत बोलका वाटतो. गुडघ्याला पट्टा लावतात याचं निम्मं कारण एवढंच, की तिथे तो लावता येतो.

पट्ट्याची किंमत हळूहळू कळत गेली. १९७२ मध्ये लंडनमध्ये ओचोआ, फाउलर आणि गिलियट यांनी बबून माकडांच्या नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, टूर्निकेचा परिणाम तपासला. तोवर समज असा, की नसेला रक्त मिळत नाही म्हणून ती बधिर होते. पण इजा नसेच्या सबंध दबलेल्या भागात सारखी नव्हती. ती पट्ट्याच्या दोन्ही कडांखाली एकवटली होती, जिथे दाब अचानक बदलतो. तिथे नसेच्या तंतूंवरचं वेष्टण जागचं सरकून एकात एक घुसलेलं दिसलं. म्हणजे रक्ताचा अभाव दुय्यम, खरा दोष पिळवटण्याचा. रुंद पट्टा आणि शक्य तितका कमी दाब, हा आजचा आग्रह तिथून आला. सगळ्यांना सरसकट एकच आकडा लावण्याऐवजी त्या रोग्याच्या पायातलं रक्त नेमकं किती दाबाला थांबतं ते मोजायचं आणि त्यावर थोडी भर घालायची, ही पद्धतही त्याच वाटेवरची.

सर्वांत नाट्यमय क्षण पट्टा सोडण्याचा. भूलतज्ज्ञाची नजर तेव्हा मॉनिटरवर असते. तासभर अडकलेलं आम्लयुक्त, गार रक्त एकदम शरीरात परततं, रक्तदाब घसरतो, श्वासातला कार्बन डायऑक्साइड चढतो. अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी केली, तर त्याच वेळी उजव्या कप्प्यात ठिपक्यांचा वर्षाव दिसतो. हाडाच्या पोकळीतली चरबी आणि रक्ताच्या बारीक गुठळ्यांचा तो लोंढा असतो. बहुतेकांना त्याने काही होत नाही. फुप्फुसं गाळून घेतात.

रक्त वाचण्याचा दावाही पुढे ढिला पडला. शस्त्रक्रिया चालू असताना रक्त कमी जातं, यात वाद नाही. पण आवळलेल्या पायात गुठळ्या विरघळवणारी यंत्रणा चेतते. पट्टा सुटला की रक्त जोराने परत येतं आणि टाके घातलेल्या गुडघ्यात, आजूबाजूच्या मांसात झिरपत राहतं. शस्त्रक्रियेत शोषलेलं रक्त साठवणाऱ्या बाटलीत न दिसणारं हे रक्त धरलं, की एकूण हिशेबात फारसा फरक उरत नाही. त्यात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आलं. १९६२ मध्ये जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलेलं हे औषध नेमकी तीच गुठळ्या विरघळवणारी यंत्रणा रोखतं. १९९० च्या दशकात ते गुडघेबदलात पोहोचलं, आणि पट्ट्याच्या बाजूचं एक मोठं कारण एका स्वस्त इंजेक्शनने हिरावून घेतलं.

मग चाचण्यांचा ढीग उभा राहिला. २०१५ मध्ये अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचनांत नोंदवलं, की टूर्निकेमुळे सुरुवातीच्या वेदना वाढतात याचा पुरावा भक्कम आहे. २०२० च्या अखेरीस वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात ४१ चाचण्यांमधले २,८१९ रुग्ण एकत्र तपासले गेले. पट्टा वापरलेल्यांना पहिल्या दिवशी वेदना दहाच्या मापावर सरासरी सव्वा अंकाने जास्त होत्या. गंभीर गुंतागुंत पट्ट्यासह सुमारे ५.९ टक्के, पट्ट्याशिवाय २.९ टक्के. रक्त चढवण्याच्या गरजेत ठळक फरक नाही. वेळ वाचला तो जेमतेम चार मिनिटं.

एवढं असूनही पट्टा गेलेला नाही, आणि जे सर्जन तो वापरतात त्यांना हेकट ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. सिमेंटचा प्रश्न दोन वर्षांचा नसून वीस वर्षांचा आहे. गुडघ्यात बारीक टँटलमचे मणी ठेवून क्ष-किरणांनी मिलिमीटरच्या अंशापर्यंत सरकणं मोजायचं तंत्र स्वीडनमध्ये रुजलं. तिथल्याच ५० रुग्णांच्या एका चाचणीत दोन वर्षांनी पट्टा वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या गटांत सांध्याची पकड सारखीच निघाली, उलट पट्टा नसलेल्यांचा गुडघा जास्त वाकत होता. दिलासा देणारी गोष्ट आहे, पण मोजणी दोनच वर्षांची. शिवाय ज्याचा हात वर्षानुवर्षं कोरड्या सांध्यात फिरला, त्याला अचानक रक्त पाझरणाऱ्या सांध्यात काम करायला लावलं तर पहिल्या काही शस्त्रक्रियांत गडबड व्हायचीच.

म्हणून आज तिन्ही प्रकार चालतात. काहीजण छेदापासून मलमपट्टीपर्यंत पट्टा फुगवलेला ठेवतात. काहीजण फक्त सिमेंट बसवताना दहा-पंधरा मिनिटं फुगवतात. काहीजण तो मांडीवर बांधतात, नळी जोडतात आणि हवा भरतच नाहीत, लागलीच गरज तर असावा म्हणून. पायाच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतील किंवा तिथे बायपास झालेली असेल, तर बहुतेक सर्जन त्याला हातच लावत नाहीत. शस्त्रक्रियेच्या नोंदीत मात्र टूर्निके किती मिनिटं होता, हा रकाना तसाच असतो. पट्टा न वापरणारे तिथे एक आडवी रेघ मारतात.