माणसं गावातच का राहिली? थोडी पार्श्वभूमी

"गावाकडंच असतो" म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, का, शहरात जमलं नाही का? हे ऐकून खरंच वाईट वाटतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले जवळपास ५५ टक्के लोक खेड्यात होते, आणि ती सगळी काय नाइलाजाने बसलेली नव्हती.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. कूळकायदा (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांसाठीचा) १९४८ चा, पण खरा फरक पडला १ एप्रिल १९५७ ला, त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने मालक धरलं गेलं. सगळ्यांना नाही मिळाली जमीन, कित्येक कुळांना आधीच हुसकावलं होतं आणि भूमिहीनांच्या हाती काहीच आलं नाही. पण ज्यांचं नाव सातबाऱ्यावर लागलं ती माणसं दोन एकर कोरडवाहूसाठी पण गाव धरून राहिली.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (सरकारने वाटलेला कोरडा पोषक खाऊ) खाऊन दिवस काढलेली म्हातारी माणसं अजून भेटतात. विहिरी आटल्या, जनावरं गेली, १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर होती, कुणी खडी फोडतंय, कुणी पाझर तलावाची माती वाहतंय, आणि ही कामं नसती तर अर्धी गावं तेव्हाच उठली असती. त्याच काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा विचार पुढे आला, मागेल त्याला काम. त्याचा, म्हणजे रोजगार हमीचा, कायदा १९७७ ला झाला, १९७९ पासून लागू झाला, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जायचा. म्हणजे गाव टिकायला शहराचाही हात लागलाय, हे विसरू नये.

पण रोजगार हमीवर पोट भरतं, पुढच्या पिढीला थांबायला पाणीच लागतं. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. पाऊस जेमतेम, लोक पुण्या-मुंबईला गेलेले. १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे आदर्श गाव योजना आली, पाणी अडवायला उताराला आडवे समतल चर खोदले, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअर बंद, ऊस आणि केळी बंद. दरवर्षी पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, प्यायला आणि जनावरांना आधी, उरेल त्यावर पिकं ठरवायची. गेलेली कुटुंबं परत आली. माझ्या मते त्यातलं सगळ्यात अवघड काम चर खोदण्याचं नव्हतं, स्वतःच्या रानात बोअर न घेण्याचं होतं, आणि ते लोकांनी पाळलं.

जिथं यातलं काहीच धड झालं नाही तिथलं चित्र बीडमध्ये दिसतं. दसरा-दिवाळी झाली की उचल (मुकादमाकडून आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. पण कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, की हीच माणसं गावी परत येतात, दरवर्षी येतात. गाव नकोसं झालंय म्हणून ती जात नाहीत, डिसेंबरात घराजवळ हाताला काम असतं तर यातल्या कितीतरी जणांनी उचलच घेतली नसती.