पोटातल्या बाळाचे ठोके घरी ऐकण्यामागचा इतिहास

१८१८ साली जिनिव्हातले शल्यवैद्य फ्रांस्वा मेयोर यांनी दिवस भरत आलेल्या गर्भवतीच्या पोटाला थेट कान लावला आणि बाळाचे ठोके आईच्या नाडीहून वेगळे ऐकू येतात, असे नोंदवले. त्यांना एवढेच हवे होते: बाळ जिवंत आहे की नाही. पोटावर धरून घरी ठोके ऐकवणाऱ्या डॉपलर या हातातल्या यंत्राचे उत्तरही फारसे त्यापुढे जात नाही, हे लक्षात ठेवून पुढचा इतिहास वाचावा.

तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, केर्गाराडेक या फ्रेंच डॉक्टरांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत याच विषयावर निबंध वाचला. लेनेकचा स्टेथोस्कोप तेव्हा नुकताच प्रचारात येत होता. केर्गाराडेक खरे तर गर्भजलाचा आवाज येतो का ते पाहत होते. कानावर आली ती जवळ ठेवलेल्या घड्याळासारखी टिकटिक. मोजली तर मिनिटाला १४३ ते १४८, म्हणजे आईच्या नाडीच्या जवळपास दुप्पट. जुळी ओळखता येतील, ठोक्यांच्या चढउतारावरून बाळाची तब्येतही कळेल, असे त्यांनी तेव्हाच सुचवून ठेवले. पुढचे शतकभर प्रसूतिशास्त्राने या सूचनेवरच काम केले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

१८९५ च्या सुमारास आडॉल्फ पिनार यांची तुतारीच्या आकाराची नळी आली. सुइणी ती आजही वापरतात. रुंद तोंड पोटावर, बाळाची पाठ ज्या बाजूला असेल तिथे टेकवायचे, चपट्या टोकाला कान दाबायचा आणि नळीवरचा हात काढून घ्यायचा, नाहीतर बोटे घासल्याचा आवाजच ऐकू येतो. मोकळ्या हाताने आईचे मनगट धरून नाडी बघायची, म्हणजे आईचे ठोके बाळाचे म्हणून मोजले जात नाहीत. साधारण पाचव्या महिन्याच्या आत या नळीतून काही ऐकू येणे कठीणच. कसब नळीत नाही, कानात आणि बोटांत आहे.

डॉपलरने हे कसबच बाजूला सारल्यासारखे वाटते. ज्यांचे नाव यंत्राला मिळाले त्या भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्राग इथे मांडलेला सिद्धांत ताऱ्यांच्या प्रकाशाबद्दल होता. त्याच तत्त्वावर अल्ट्रासाऊंड वापरून गर्भाचे हृदय टिपता येते, हे १९६४ साली अमेरिकेत दाखवले गेले. यंत्र पोटात ध्वनिलहरी सोडते. हलत्या हृदयावर आणि वाहत्या रक्तावर आदळून परतताना त्यांची वारंवारता किंचित बदलते, आणि तो फरक स्पीकरमधून ऐकू येतो. म्हणजे कानावर पडते ती हृदयाची धडधड नसून हालचालीचा यंत्राने घडवलेला आवाज असतो. बाराव्या आठवड्याच्या आसपासही तो मिळतो. पण आईच्या रक्तवाहिन्या आणि वारेतला रक्तप्रवाहही तसाच आवाज देतात. शिकलेला कान फरक ओळखतो. स्क्रीनवरचा आकडा तो सांगेलच असे नाही.

पुढे यंत्र खिशात मावेल एवढे झाले, ऑनलाइन विकले जाऊ लागले आणि दवाखान्यातून थेट घरी पोचले. दोन भेटींच्या मधले आठवडे काढणे किती अवघड असते, विशेषतः आधी गर्भपात झाला असेल तर, हे कळण्यासारखे आहे. त्यामुळे विकत घेणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. अडचण दोन्हीकडून येते: ठोके सापडले नाहीत की विनाकारण घबराट, आणि सापडले की नको तेवढा निर्धास्तपणा.

दुसरी बाजू जास्त धोक्याची. २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका बाईची हकीकत छापून आली. नववा महिना, बाळाची हालचाल मंदावलेली. घरच्या डॉपलरवर आवाज आला म्हणून ती थांबली. नंतर दवाखान्यात तपासले तेव्हा बाळ गेलेले होते. बाळाला त्रास सुरू झाला तरी ठोके बराच वेळ चालू राहू शकतात. हालचाल मात्र आधीच कमी झालेली असू शकते. म्हणूनच हालचाल कमी वाटली तर यंत्र न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठा, असे डॉक्टर आणि सुइणी सांगतात.

२०१४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हौसेखातर अशी यंत्रे वापरू नका, असा इशारा दिला; तिथे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखाली वापरायची असतात. ब्रिटनमध्ये २०१७ साली खासदार अँटोनेट सँडबाख यांनी विक्रीवर नियंत्रण आणणारे विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.