वस्तरा दुरुस्तीची धोकटी

घडीचा जुना वस्तरा गंजला, बोथट झाला किंवा खिळखिळा झाला असेल, तर त्याने पुन्हा दाढी करता यावी यासाठी लागणारी हत्यारे, धारेचे दगड आणि इतर सामान यांचा सोबत नेण्याजोगा संच. मराठी मुलखात न्हाव्याच्या पिशवीला धोकटी म्हणतात. वस्तरा, कात्री, नराणी (नखे काढायचे हत्यार), चिमटा, वाटी आणि आरसा यांच्या जोडीने वस्तरा लावायची पथरी आणि लावलेली धार घोटायची चामड्याची चामोटी तिच्यात असे. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला न्हावी घरोघर जाऊन काम करी, त्यामुळे धार राखण्याचे सामान त्याच्या काखोटीलाच असायचे. दुरुस्तीच्या धोकटीचे काम याहून मोठे आहे. धारेखेरीज गंज, सैल रिवेट, वाकलेली किंवा तडकलेली मूठ हे सगळे तिला निस्तरावे लागते.

दुरुस्तीला येणारे बहुतेक जुने वस्तरे युरोपातले असतात. इंग्लंडमधील शेफील्ड, जर्मनीतील झोलिंगेन, फ्रान्समधील तिएर आणि स्वीडनमधील एस्किल्स्तुना ही त्यांची प्रमुख गावे. शेफील्डमध्ये १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्यातून एकजिनसी, कडक पोलाद मिळू लागले आणि पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासून धार पातळ करणे पुढे शक्य झाले. किंग कँप जिलेटचा सुटे पाते बदलण्याचा रेझर १९०३ मध्ये विक्रीला आला, १९०४ मध्ये त्याचे पेटंट झाले आणि घरगुती वस्तरा हळूहळू मागे पडला. भारतातल्या सलूनमध्ये तो बराच काळ टिकला. एचआयव्हीविषयी जागृती झाल्यावर मात्र अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा सर्वत्र रूढ झाला. जुने वस्तरे पेट्यांच्या तळाशी गेले, ते आता पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात इतर हत्यारांच्या ढिगात हाती लागतात.

पात्याच्या मागच्या, मुठीत अडकणाऱ्या दांडीवरचा शिक्का आधी वाचून घ्यावा, कारण पॉलिश पेपर फिरला की तो पुसट होतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यामुळे देशाचे नाव असलेला वस्तरा सहसा त्यानंतरचा असतो. ‘झोलिंगेन’ या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर तिला धातूची पॉलिश लावू नये. तो मुलामा इतका पातळ असतो की चार हात फिरले की जातो.

तपासणीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग हवे. घड्याळजी डोळ्याला लावतात ते उत्तम. धारेपासून पाठीकडे, म्हणजे पात्याच्या जाड कडेकडे, चढलेली केसासारखी चीर दिसली, तर तो वस्तरा दाढीच्या कामातून गेला. कान साफ करायची कापसाची काडी धारेवरून अलगद ओढली की बारीक दातरे कुठे आहेत ते कळते, कारण कापूस तिथेच अडकतो. वापरलेल्या वस्तऱ्यावर कोणाचे रक्त लागले होते हे माहीत नसते, आणि हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो. म्हणून हातमोजे, जुना टूथब्रश, साबण आणि धातूच्या उपकरणांसाठीचे जंतुनाशक हे धोकटीत अगदी वर असावे. ब्लीच मात्र नको, ते पोलाद खाते.

गंज

तांबडा गंज आणि काळसर डाग यांत फरक करावा लागतो. तांबडा गंज पोलाद पोखरत राहतो, म्हणून तो काढायलाच हवा. काळा थर बहुधा स्थिर असतो, आणि तो घासून चकचकीत करण्याच्या हौसेत पात्याची मूळ घडण जाते. तेलात भिजवून ठेवलेल्या पात्यावरून जुन्या ब्लेडची कड जवळजवळ आडवी धरून फिरवली, तर बराचसा तांबडा गंज पापुद्र्यांनी सुटतो. उरलेल्यासाठी वॉटर पेपर ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचे, या क्रमाने; नंबर मोठा तितका कागद बारीक. ६०० ने भागत असेल तर ४०० ला हात लावू नये. पाते लाकडाच्या ठोकळ्यावर सपाट टेकवावे, धारेवर चिकटपट्टी लावावी आणि कागद बुचाच्या तुकड्याला गुंडाळून पाठीकडून धारेकडे फिरवावा. उलट दिशेने बोट कापते.

घरच्या वर्कशॉपमध्ये अनेक जण इथे मोटारीवरचे पॉलिशचे चाक वापरतात. धोकटीत ते मावत नाही, आणि वस्तऱ्याच्या दृष्टीने हे भाग्यच म्हटले पाहिजे. पात्याची कड कागदाहून पातळ होत जाते. चाकाखाली ती क्षणात तापते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरू लागते. आधी गवती पिवळा, मग निळा रंग चढतो. निळी पडलेली धार कितीही लावली तरी टिकत नाही. हातकामाला वेळ लागतो, पण त्यात पाते तापत नाही आणि गरजेपेक्षा जास्त पोलाद झडत नाही. झडलेले पोलाद परत बसवता येत नाही, हे ध्यानात ठेवूनच या संचातली प्रत्येक वस्तू निवडावी.

मूठ आणि रिवेट

मुठीच्या दोन पट्ट्या शिंगाच्या, हाडाच्या, लाकडाच्या, सेल्युलॉइडच्या किंवा हस्तिदंताच्या असतात. म्हशीचे वाकलेले शिंग गरम पाण्यात मऊ करून दोन सपाट फळ्यांत दाबले की सरळ होते. सेल्युलॉइड अधिक जपून हाताळावे. अमेरिकेत हायट बंधूंनी १८७० च्या सुमारास कापूर आणि नायट्रोसेल्युलोज यांपासून ते बनवले. चोळल्यावर येणाऱ्या कापराच्या वासावरून ते ओळखता येते. जुने झाले की ते विघटू लागते, त्यातून निघणाऱ्या आम्लवायूंनी आतले पाते गंजते आणि शेजारचे वस्तरेही खराब होतात. ते चटकन पेटते आणि अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, म्हणून नेलपॉलिश काढायचे द्रावण या धोकटीत ठेवू नये. हस्तिदंताचा व्यापार भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, त्यामुळे तशी मूठ असलेला वस्तरा विकत घेणे कायद्याच्या कचाट्यात नेणारे आहे.

रिवेट बदलायला फार सामान लागत नाही: सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची पितळी तार, त्याच मापाचे ड्रिल, बारीक वायसर, कानस, कटर, सोनारकामाची लहान हातोडी आणि मुठीत मावेल एवढी ऐरण. जुन्या रिवेटचे डोके कानसने घासून टाकावे आणि ती मागून हलकेच ठोकून काढावी. नवी तार ओवून, दोन्हीकडे वायसर चढवून, साधारण एक मिलिमीटर शिल्लक ठेवून कापावी. डोके पसरवताना तारेच्या मध्यावर ठोका मारू नये, नाहीतर तार मुठीच्या आतच वाकते. कडेकडेने, तार फिरवत, नखाने टिचकी मारावी इतक्या हलक्या ठोक्यांनी ते छत्रीसारखे बसते. दर पाच-दहा ठोक्यांनी वस्तरा मिटून पाहावा. पाते बरोबर मधोमध उतरले पाहिजे, आणि अर्धवट उघडले तर आपल्या वजनाने गळून पडता कामा नये. मुठीच्या दुसऱ्या टोकाला पाचर असते. जुन्या वस्तऱ्यांत ती पुष्कळदा शिशाची असते, म्हणून ती घासल्यावर हात धुवावेत.

धार

वस्तऱ्याची पाठ हीच धारेचा कोन ठरवते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून पाते ओढायचे असते, त्यामुळे कोन मोजायचे साधन धोकटीत लागत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून साधारण १५ ते १८ अंशांचा कोन आपोआप मिळतो. रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगतात. पाच अष्टमांश, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर, हे नेहमीचे माप. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर विजेच्या कामाची चिकटपट्टी लावायची की नाही, यावर कारागिरांत एकमत नाही. नक्षीदार पाठ असेल तर ती जरूर लावावी.

दगडांचा क्रम १०००, ४०००, ८००० आणि शेवटी १२००० नंबर असा असतो. खरे काम १००० वर होते. धारेच्या उतारावर काळ्या मार्करची रेघ ओढून पाते दोन-चार वेळा दगडावरून न्यावे. जिथे शाई उरली तिथे दगड पोचलेला नाही. शाई टोकापासून टाचेपर्यंत दोन्ही बाजूंनी सारखी जाईपर्यंत पुढच्या दगडाकडे वळू नये. हा टप्पा घाईत उरकला तर वरच्या दगडांनी धार गुळगुळीत होते, पण केस कापत नाही. बेल्जियममधील आर्देन भागातला कोटिक्यूल हा पिवळसर दगड धार संपवण्यासाठी नावाजलेला आहे. त्यातले गार्नेटचे बारीक कण पोलाद कापतात.

ओझ्याचा प्रश्न दगडांपाशीच येतो. फिरतीच्या संचासाठी अरुंद दगड बरा, कारण तो हलका असतो आणि किंचित वाकलेल्या पात्याच्या खोलगट भागातही पोचतो. त्याहून हलका पर्याय म्हणजे लॅपिंग फिल्म. ऑप्टिकल फायबरची टोके घासण्यासाठी वापरली जाणारी ही पातळ फिल्म १२, ९, ३ आणि १ मायक्रॉन कणांची मिळते. जाड, सपाट काच ओली करून तिच्यावर फिल्म चिकटवली की दगडाचे काम होते. याच काचेवर ४०० चा वॉटर पेपर ठेवून दगड सपाट करता येतात. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि त्या पुसल्या जाईपर्यंत घासावे.

शेवटी चामोटी. टांगायचा पट्टा गुंडाळून नेता येतो, पण त्याला घडी पडली तर ती धारेला लागते. म्हणून धोकटीसाठी लाकडी फळीवर ताणलेले चामडे सोयीचे. दुसऱ्या बाजूला कापड लावून त्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट चोळतात. पाठ पुढे, धार मागे, आणि वळवताना नेहमी पाठीवरून; धारेवरून वळवले तर चामडे तर कापतेच, वर धारही मोडते.

भरताना दगड पुरते वाळवावेत. ओला दगड आणि पाते एकाच कप्प्यात राहिले तर एका रात्रीत ठिपके उमटतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात तर सुकी पिशवीही दमट होते. अशा हवेत पात्याला लिक्विड पॅराफिनचा हात देऊन ते मेणकागदात गुंडाळावे आणि सिलिका जेलची पुडी सोबत टाकावी. चामड्याच्या म्यानात वस्तरा महिनोन्‌महिने ठेवू नये, चामडे ओल धरते. विमानात ही धोकटी केबिनमध्ये नेता येत नाही. चेक-इन सामानातही गंजरोधक तेलाचा ज्वालाग्राही स्प्रे चालत नाही, म्हणून तेल लहान घट्ट बाटलीत घ्यावे.